मस्जिदीचं दुसरं दार तुम्हाला माहीत आहे का?

सहावीत शिकणारा आमचा एक विद्यार्थी जुम्म्याला शेवटच्या सफमध्ये, चपलांच्या कपाटाजवळ उभा राहू लागला. आधी हाच पोरगा अब्बांचा हात धरून पुढे जाऊन बसायचा. आम्ही एकदा सहज विचारलं, "काय रे बेटा, हल्ली मागेच का?" तो काही बोलला नाही. वजूखान्यापर्यंत आमच्यासोबत आला आणि हळूच म्हणाला, "सर, इथून पळता येतं."

थोडं खोदून विचारल्यावर उलगडा झाला. मोठ्या चुलत भावाच्या मोबाईलवर त्याने न्यूझीलंडच्या मस्जिदीतल्या गोळीबाराचा व्हिडिओ पाहिला होता. घरात कोणालाच पत्ता नव्हता. परीक्षेच्या टेन्शनमुळे पोरगा रात्री दचकून उठतो, असं त्याच्या अम्मीला वाटत होतं.

आम्ही त्याला घाबरट म्हटलं नाही, आणि "अल्लाहवर भरोसा ठेव" एवढंच सांगून घरीही पाठवलं नाही. नीट बघितलं तर त्या लेकराने अर्धं काम बरोबर केलं होतं. बाहेर पडायची वाट त्याने शोधून ठेवली होती. वाट माहीत असूनही मन शांत कसं ठेवायचं, हे शिकवायचं काम मोठ्यांचं होतं आणि ते आपण केलं नव्हतं. या लेखात आपण त्या दोन्ही अर्ध्यांबद्दल बोलू या.

त्या जुम्म्याला काय घडलं

१५ मार्च २०१९, शुक्रवार. न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च शहर. दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास डीन्स अव्हेन्यूवरच्या अल नूर मस्जिदीत जुम्म्यासाठी माणसं जमली होती. आपल्याकडे तेव्हा सकाळचे सहा वाजून गेले होते, फज्र पढून लोक घरी परतत होते. एक बंदूकधारी आत शिरला आणि त्याने गोळीबार सुरू केला. तिथून गाडी घेऊन तो काही किलोमीटरवरच्या लिनवूड इस्लामिक सेंटरवर गेला. दोन्ही ठिकाणी मिळून ५१ जण शहीद झाले, अनेक जखमी झाले. सर्वांत लहान मूल तीन वर्षांचं होतं. शहीद झालेल्यांत गुजरात, हैदराबाद आणि केरळच्या कुटुंबांतली माणसंही होती. कोणी शिकायला गेलेलं, कोणी नोकरीला, तर कोणी मुलाला भेटायला.

बांगलादेशचा क्रिकेट संघ त्याच वेळी बसने अल नूर मस्जिदीकडे निघाला होता. संघाला निघायला थोडा उशीर झाला होता, म्हणून खेळाडू वाचले. पुढचा कसोटी सामना रद्द झाला.

हल्लेखोराचं नाव आम्ही इथे लिहिणार नाही. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं होतं की, त्याचं नाव आपल्या तोंडून कधीच येणार नाही. नावं घ्यायची ती गेलेल्यांची घ्या. त्या भाषणाची सुरुवात त्यांनी सलामने केली होती. ऑगस्ट २०२० मध्ये कोर्टाने त्याला जन्मठेप दिली, पॅरोलची कोणतीही शक्यता न ठेवता. त्या देशात अशी शिक्षा पहिल्यांदाच झाली.

दारावर उभे असलेले हाजी साहेब

अल नूरच्या दारावर हाजी दाऊद नबी होते. मूळचे अफगाणिस्तानचे, वय ७१. येणाऱ्या अनोळखी माणसाचं त्यांनी भाऊ म्हणून स्वागत केलं, आणि पहिल्या गोळ्या त्यांनाच लागल्या.

ही गोष्ट सांगितली की आपल्याकडे काही जण म्हणतात, "बघा, अनोळखी माणसावर भरोसा ठेवायचा नाही." आम्हाला हे पटत नाही. दारावर सलाम करणारा माणूस हटवला तर मस्जिद सुरक्षित होत नाही, ती फक्त सुनी होते. येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून सलाम करणाऱ्याला त्याचे हातही दिसतात, खांद्यावरची बॅगही दिसते आणि चालही दिसते. मोबाईलमध्ये मान घालून बसलेल्याला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून स्वागत करणाऱ्यालाच दोन गोष्टी शिकवल्या पाहिजेत: काही विचित्र दिसलं तर आत आवाज कसा द्यायचा, आणि दार कसं लावायचं.

त्याच मस्जिदीत नईम रशीद होते, पाकिस्तानातल्या ऐबटाबादचे, पेशाने शिक्षक. ते हल्लेखोरावर धावून गेले. त्यात त्यांचा जीव गेला, त्यांचा मुलगा तल्हाही शहीद झाला. पण त्या झटापटीत काही जणांना पळायला वेळ मिळाला. हुस्ना अहमद या बाईंनी बायका आणि मुलांना महिलांच्या दालनातून बाहेर काढलं. व्हीलचेअरवर असलेल्या आपल्या शौहरसाठी, फरीद अहमद यांच्यासाठी, त्या परत फिरल्या आणि गोळी लागून शहीद झाल्या. फरीद साहेब वाचले. लिनवूडमध्ये अब्दुल अझीझ यांनी हाताला लागलं ते, म्हणजे कार्डाने पैसे घ्यायचं मशीन, हल्लेखोरावर फेकलं. आरडाओरडा करून त्याला मस्जिदीपासून दूर खेचलं, आणि त्यानेच टाकलेली रिकामी बंदूक उचलून त्याच्या गाडीच्या काचेवर मारली. तो पळाला आणि पुढे पोलिसांच्या हाती लागला. नईम रशीद आणि अब्दुल अझीझ या दोघांना न्यूझीलंडने आपलं शौर्याचं सर्वोच्च पदक दिलं.

ही नावं मुलांना सांगा. त्यांच्या डोक्यात या दिवसाचं चित्र उभं राहणारच आहे. त्या चित्रात फक्त बंदूक नसावी, ही माणसंही असावीत.

न उघडलेलं दार

आता मुद्द्याची गोष्ट. अल नूरच्या मुख्य दालनात बाहेर पडायचं आणखी एक दार होतं. त्या दिवशी ते उघडता आलं नाही, असं तिथून वाचलेल्यांनी सांगितलं. लोकांना काचा फोडून बाहेर पडावं लागलं. २०२३ मध्ये सुरू झालेल्या न्यायालयीन चौकशीत या एका दाराचा, त्याच्या कुलपाचा प्रश्न वेगळा मुद्दा म्हणून तपासला गेला. सुखाच्या दिवसांत ज्या दाराकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्याच्या कडीवर अशा वेळी माणसांचे जीव अवलंबून असतात.

आपल्या मुंबईतही हेच दिसलं होतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या केबिनमध्ये बसून होते. ते तिथून पळाले नाहीत. हिंदीत आणि मराठीत पुन्हा पुन्हा सांगत राहिले की मागच्या बाजूने बाहेर पडा. समोरून मृत्यू येत असताना मागे वाट आहे, हे एका माणसाने सांगितलं म्हणून कितीतरी जण वाचले. त्या रात्री स्टेशनवर मेलेल्यांत मुस्लिम प्रवासीही बरेच होते. मारणारे आपल्या दीनचं नाव घेत होते, म्हणूनच मुंबईच्या बड्या कबरस्तानने त्यांना दफनासाठी जागा द्यायचं नाकारलं.

क्राइस्टचर्च असो की सीएसटी, गोळी मारणाऱ्याचा झेंडा वेगळा होता, पण जमिनीवर पडलेली माणसं सारखीच होती. नमाजला आलेली, गाडी पकडायला आलेली.

तवक्कुल आणि खबरदारी

"मौत तर लिहिलेली आहे, दार बघून काय होणार?" असं म्हणणारे बुजुर्ग प्रत्येक मोहल्ल्यात भेटतात. त्यांच्या ईमानावर आम्हाला शंका नाही. पण उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचं, ही हदीस मदरशातलं लेकरूही सांगेल. सूरह निसामध्ये धोक्याच्या वेळच्या नमाजची पद्धत आली आहे: एक गट इमामामागे नमाज पढतो, दुसरा गट पहाऱ्यावर उभा राहतो, मग जागा बदलतात. म्हणजे ऐन लढाईतही नमाज सुटली नाही आणि पहाराही सुटला नाही. खबरदारी घेणं हा ईमानाचा कमकुवतपणा असता, तर ही पद्धत शिकवलीच गेली नसती.

लोक आणखी एक विचारतात, "नमाज चालू असताना काही झालं तर?" जीव वाचवण्यासाठी नमाज तोडायची परवानगी फिकहमध्ये आहे. ही गोष्ट इमाम साहेबांनी एखाद्या बयानमध्ये स्पष्ट सांगितली तर फार बरं होईल. नाहीतर साधा-भोळा माणूस गुनाह होईल या भीतीने जागेवरून हलायचाच नाही.

प्रसंग आलाच तर: तीन गोष्टी

आधी एक सांगतो. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, आणि अमेरिकेसारखे गोळीबार आपल्याकडे वारंवार होत नाहीत. म्हणून उठता-बसता या भीतीत जगायचं कारण नाही. पण खाली दिलेल्या गोष्टी आग लागली, चेंगराचेंगरी झाली, तरीही कामी येतात. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. तिथे बंदूक नव्हती, पण गर्दी होती आणि वाट चिंचोळी होती.

न्यूझीलंडमध्ये आणि इतर अनेक देशांत लोकांना तीन शब्द शिकवतात: बाहेर पडा, लपा, कळवा.

बाहेर पडा. आवाज फटाक्यांचा आहे की कशाचा, हे ठरवत बसू नका. संशय आला की आवाजाच्या उलट दिशेला निघा. सामान, चपला, बॅग काही घेऊ नका. सोबतच्या मुलाचा हात धरा, म्हाताऱ्या माणसाला आधार द्या. बाहेर आल्यावर दारातच थांबून गर्दी करू नका, लांब जा, भिंतीच्या किंवा इमारतीच्या आड जा. मोबाईलने शूटिंग करायला तर अजिबात थांबू नका.

लपा. बाहेर जाता येत नसेल तर दार असलेल्या खोलीत शिरा. कडी लावा, दाराला कपाट, टेबल, जे मिळेल ते लावा. दिवे बंद करा, मोबाईलचा आवाज आणि व्हायब्रेशन दोन्ही बंद करा. दाराच्या थेट समोर उभे राहू नका. पक्क्या भिंतीच्या आड बसा. लाकडी फळी किंवा पडदा तुम्हाला लपवतो, पण गोळी अडवत नाही, हे लक्षात ठेवा.

कळवा. सुरक्षित झाल्यावर ११२ लावा. कुठे आहात, काय पाहिलं, किती माणसं, कोणत्या बाजूला, एवढंच सांगा. जवळची खूण सांगा. "बड्या मस्जिदीजवळ" असं शहरात चार ठिकाणी असू शकतं, म्हणून रस्त्याचं नाव सांगा.

पोलीस आले की त्यांच्याकडे धावत जाऊ नका. हात मोकळे ठेवून वर करा, सांगतील तसं करा. कोण कोण आहे हे त्यांना त्या क्षणी ठाऊक नसतं.

समोरासमोर येऊन दुसरा कोणताच रस्ता उरला नाही, तर प्रतिकार हा शेवटचा उपाय आहे. नईम साहेब आणि अझीझ साहेबांनी तो केला. पण घरातल्या मुलांना "तूही असाच धावून जा" असं शिकवू नका. मुलांचं काम एकच, बाहेर पडणं.

रक्त थांबवणं सगळ्यांना यायला हवं

मोठा रक्तस्राव झाला तर माणूस काही मिनिटांत जातो, ॲम्ब्युलन्सला त्याहून जास्त वेळ लागतो. मधल्या वेळात जवळ असलेला माणूसच डॉक्टर असतो. स्वच्छ कपडा, रुमाल, ओढणी, टोपी, जे असेल ते जखमेवर ठेवा आणि दोन्ही हातांनी, अंगाचं वजन टाकून दाबा. रक्त थांबलं का म्हणून सारखं उचलून बघू नका. कपडा भिजला तर त्याच्यावरच दुसरा ठेवा आणि दाबत राहा. हातापायातून रक्त जोरात उडत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वर चार बोटं सोडून, सांध्यावर न येता, रुंद पट्टी आवळून बांधा. किती वाजता बांधली ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. ती आपण सोडायची नाही.

इंडियन रेड क्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या संस्था प्रथमोपचाराचं प्रशिक्षण देतात. मस्जिद कमिटीने वर्षातून एक दिवस असा वर्ग ठेवला, तर तोही सदकाच आहे. बायकांसाठी वेगळा वर्ग जरूर ठेवा. घरात दुखापत झाली की सगळ्यांत आधी त्याच धावतात.

कमिटीसाठी एका तासाचं काम

त्या सहावीतल्या मुलाला घेऊन आम्ही एका रविवारी, असर आणि मगरिबच्या मधल्या वेळात, मस्जिदीला चक्कर मारली. म्हटलं, चल, दारं मोजू. दारं चार निघाली. त्यातलं एक कायम कुलूपबंद, आणि किल्ली कोणाकडे हे मुअज्जिन साहेबांनाही आठवेना. दुसऱ्या दारासमोर रमजानच्या इफ्तारीच्या सतरंज्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांची थप्पी. महिलांच्या माडीवर जायला एकच अरुंद जिना, त्याच्या तोंडाशी पाण्याचा कूलर. गेटबाहेर जुम्म्याला दुचाकी इतक्या दाटीने लागतात की जनाजा बाहेर काढतानासुद्धा चार गाड्या उचलून ठेवाव्या लागतात.

यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. बहुतेक मस्जिदींत, मदरशांत, शादीखान्यांत आणि खरं सांगायचं तर शाळांतही असंच असतं. आम्ही सदर साहेबांना जाऊन भेटलो. तक्रार केली नाही, मुलाला पुढे केलं. त्याने वहीत काढलेला नकाशा दाखवला. सदर साहेब बराच वेळ बघत राहिले.

प्रत्येक कमिटीने एवढं करावं:

- नमाजच्या वेळी सगळी दारं आतून, किल्लीशिवाय उघडतील अशी ठेवा.
- दारांसमोर आणि जिन्यात सामान ठेवू नका. तिथे चपलांचे ढीगही नकोत.
- महिलांच्या भागाला बाहेर पडायची दुसरी वाट हवी. नसेल तर पुढचं बांधकाम याच कामापासून सुरू करा. मिनारच्या रंगाचं नंतर बघू.
- जुम्मा, तरावीह आणि ईदला गेटसमोरची जागा मोकळी ठेवायला दोन स्वयंसेवक नेमा.
- खुतबा चालू असताना दारावर किमान एक माणूस जागरूक बसू द्या. आळीपाळीने, म्हणजे कोणाच्याच नमाजचं नुकसान होणार नाही.
- माईकवरून काय सांगायचं ते आधीच ठरवून ठेवा. "पळा पळा" म्हटलं की चेंगराचेंगरी होते. "मागच्या दाराने बाहेर पडा" म्हटलं की माणसं वाट धरतात.
- पोलीस ठाण्याचा नंबर, ११२ आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर ठळक अक्षरांत लावा.

धमकीचा फोन, चिठ्ठी किंवा मेसेज आला तर तो पुसून टाकू नका. तसाच जपून ठेवा आणि पोलिसांना लेखी कळवा, पोच घ्या.

व्हिडिओ पुढे पाठवू नका

क्राइस्टचर्चच्या हल्लेखोराने डोक्यावर कॅमेरा लावून सगळं फेसबुकवर थेट दाखवलं होतं. लोकांनी ते बघावं, घाबरावं, हीच त्याची इच्छा होती. फेसबुकने पहिल्या २४ तासांत त्या व्हिडिओच्या सुमारे १५ लाख प्रती काढल्याचं सांगितलं. एवढ्या प्रती एका माणसाने टाकल्या नव्हत्या. त्या तुमच्या-आमच्यासारख्या लोकांनी पसरवल्या, काहींनी तर हळहळ म्हणून, "देखो क्या जुल्म हो रहा है" असं लिहून.

३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये, पालघरजवळ, चालत्या गाडीत गोळीबार झाला. रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानावर त्याचा आरोप आहे. त्याचे वरिष्ठ सहकारी आणि तीन मुस्लिम प्रवासी अशा चौघांचा जीव गेला. त्याचेही व्हिडिओ फिरले. आमच्या ओळखीच्या एका घरात आज्जींनी त्यानंतर कितीतरी दिवस मुलाला रेल्वेने जाऊ दिलं नाही. सत्य कळायला बातमी पुरेशी असते. मरणारा माणूस कोणाचा तरी अब्बा असतो, त्याची तडफड आपल्या फॅमिली ग्रुपवर कशाला?

असा व्हिडिओ आला तर उघडू नका. पाठवणाऱ्याला प्रेमाने सांगा, "भाई, हे काढून टाका." पुरावा म्हणून महत्त्वाचा वाटला तर पोलिसांना द्या, ग्रुपवर नको. आणि "अमक्या मोहल्ल्यात हत्यारबंद लोक फिरतायत" असले मेसेज खात्री न करता पुढे ढकलणं म्हणजे अफवाच पसरवणं. त्याने माणसं मेली आहेत.

मनावरचा घाव

बंदुकीची गोळी न लागताही माणूस जखमी होतो. अशी घटना पाहिली, ऐकली, किंवा आपल्यासारख्याच लोकांसोबत झाली की झोप उडते, छातीत धडधडतं, फटाक्याच्या आवाजाने दचकायला होतं, गर्दीत जावंसं वाटत नाही. कधी उगाच राग येतो. हे वेडेपण नाही, ईमानाची कमीही नाही. शरीर आपल्याला वाचवायला सावध झालेलं असतं, एवढंच. बहुतेकांचं काही आठवड्यांत हळूहळू कमी होतं.

तोपर्यंत काय करायचं? रोजचं वेळापत्रक मोडू नका: वेळेवर जेवण, वेळेवर झोप, नमाज, काम, शाळा. बातम्या दिवसातून एकदाच बघा, झोपायच्या आधी तर नकोच. एकटं राहू नका. जवळच्या माणसाशी बोला. रडू आलं तर रडा. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांचे साहेबजादे इब्राहीम यांचा इंतेकाल झाला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून अश्रू आले होते. सब्र म्हणजे न रडणं नव्हे.

महिना उलटूनही तीच दृश्यं डोळ्यांसमोर येत असतील, झोप लागत नसेल, कामावर जाता येत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर डॉक्टरकडे जायचंच. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा नंबर १४४१६ आहे. फोन मोफत आहे. दम करून घ्या, दुआ मागा, आणि डॉक्टरलाही भेटा. तापात आपण दोन्ही करतो, मग इथे लाज कशाची?

मुलांशी कसं बोलायचं

आधी विचारा, मग सांगा. "तू काय ऐकलंस?" या प्रश्नाने सुरुवात करा. मुलाला जे ठाऊक नाही ते आपण सांगून बसतो, आणि जे ठाऊक आहे ते आपल्याला कळतच नाही.

लहान मुलांना दोन वाक्यं पुरतात: एका वाईट माणसाने लोकांना मारलं, त्याला पकडलं आहे. तू आमच्याजवळ आहेस आणि आम्ही तुझी काळजी घेतो. "असं कधीच होणार नाही" अशी खोटी हमी देऊ नका. मुलं मोठी झाली की त्यांना आठवतं.

आठवी-दहावीच्या मुलांशी मोकळं बोला. त्यांना राग येतो, "आपल्यालाच का?" असं विचारतात. हा राग दाबू नका, आणि त्याला तेलही घालू नका. क्राइस्टचर्चचा हल्लेखोर एकटा बसून इंटरनेटवरच्या द्वेषावर पोसला गेला होता, असं तिथल्या चौकशी आयोगाने म्हटलं. आपला मुलगाही रात्री मोबाईलवर काय बघतो, कोणाचा द्वेष गिळतो, हे बघायची जबाबदारी आपली आहे. द्वेषाचं दुकान प्रत्येक भाषेत आणि प्रत्येक मजहबच्या नावाने उघडं आहे.

मुलाला करायला काहीतरी काम द्या. नुसतं ऐकून भीती वाढते, हाताला काम मिळालं की कमी होते. आमच्या विद्यार्थ्याला नकाशा काढायला लावला, त्याचं कारण हेच.

शेजाऱ्यांची गोष्टही सांगा

हल्ल्यानंतर बरोबर एक आठवड्याने, २२ मार्चला, क्राइस्टचर्चच्या हॅगली पार्कमध्ये जुम्मा झाला. अजान देशभर रेडिओ-टीव्हीवरून ऐकवली गेली. हजारो गैरमुस्लिम लोक भोवती उभे राहिले, कितीतरी बायकांनी त्या दिवशी डोक्यावर स्कार्फ घेतला. महिना उलटायच्या आत, १० एप्रिलला, त्यांच्या संसदेने लष्करी पद्धतीच्या बंदुकांवर बंदी आणली. बाजूने ११९ मतं, विरोधात एक. आणि फरीद अहमद यांनी, ज्यांची बीवी त्यांना शोधायला परतताना गेली, हल्लेखोराला माफ केल्याचं जाहीर सांगितलं. सगळ्यांना ते जमलं नाही, जमायलाच हवं असंही नाही. कोर्टात काहींनी माफी दिली, काहींनी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून आपला राग सांगितला. दोन्ही त्यांचा हक्क होता.

आपल्या गल्लीतही दोन्ही प्रकारचे लोक आहेत. शेजारच्या काकूंना ईदचा शीरखुर्मा देताना आणि त्यांच्याकडून दिवाळीचा फराळ घेताना जे नातं जमतं, ते संकटाच्या रात्री दुसऱ्या दारासारखंच कामाला येतं. ते आधीपासून उघडं ठेवावं लागतं, ऐनवेळी किल्ली सापडत नाही.

आमच्या मस्जिदीतलं कुलूप बदललं आहे. आता ते आतून कडीने उघडतं. खुर्च्या माडीखाली गेल्या. कूलर अजून तिथेच आहे, त्याच्यासाठी नळ फिरवावा लागणार आणि त्यावर कमिटीत दोन मतं आहेत. मागच्या जुम्म्याला तो सहावीतला पोरगा अब्बांच्या बाजूला दुसऱ्या सफमध्ये बसला होता. बसण्याआधी त्याने एकदा मागे वळून दाराकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं.

येत्या जुम्म्याला तुम्हीही जरा लवकर निघा आणि आपल्या मस्जिदीची दारं मोजून बघा. मुलांना सोबत न्या.